मोठ्यांची खरेदी व लहानांची ठेव

"बिटकॉइन आतां मोठमोठ्या संस्था घेऊं लागल्या आहेत, तेव्हां त्याचा भाव पुढें वाढणारच," असें आमचे वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस सांगतात, व कांहीं पालकांचेंही तसेंच मत दिसतें. ह्याचा थोडा विचार करूं.

ह्या म्हणण्यांत मुळींच तथ्य नाहीं असें नव्हे. 2009 सालीं चालू झालेल्या ह्या चलनाचीं नाणीं 2 कोटी 10 लक्षांहून अधिक व्हावयाचीं नाहींत, असा त्याचा नियम आहे. जानेवारी 2024 मध्यें अमेरिकेंतील नियामक मंडळानें प्रत्यक्ष बिटकॉइन बाळगणाऱ्या फंडांस परवानगी दिली व ब्लॅकरॉकसारख्या बलाढ्य कंपन्या त्या धंद्यांत उतरल्या. त्याच वर्षीं डिसेंबरांत भाव 1 लक्ष डॉलरांवर गेला. माल मर्यादित व गिऱ्हाईक मोठें, मग भाव चढावयाचाच.

परंतु फंड चालविणारी कंपनी मुख्यतः दुसऱ्यांच्या पैशानें खरेदी करिते व आपलें शुल्क घेते. भाव पडल्यास तोटा गुंतविणाराचा. तिची खरेदी म्हणजे भविष्यवाणी नव्हे. शेत पीक देतें, ठेव व्याज देते. ह्या नाण्यास तसें कांहींच उत्पन्न नाहीं. उद्यां घेणारा भेटेल ह्या आशेवरच त्याचा भाव उभा असतो. म्हणूनच नोव्हेंबर 2021 मध्यें 67 हजार डॉलरांच्या वर गेलेला भाव वर्षभरांत 17 हजारांच्या खालीं आला. दहा वर्षांनीं तो किती असेल, हें छातीठोकपणें सांगणाऱ्यावर आमचा विश्वास नाहीं.

शिवाय मोठेही चुकतात. कॅनडांतील ऑंटॅरिओ प्रांताच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडानें एफटीएक्स नामक पेढींत 9 कोटी 50 लक्ष डॉलर गुंतविले. नोव्हेंबर 2022 मध्यें पेढी बुडाली व सर्व रक्कम बुडीत धरावी लागली. आम्ही स्वतः शिक्षक. बातमी वाचून काळजांत धस्स झालें. परंतु फंड डगमगला नाहीं; कारण ती रक्कम त्याच्या एकंदर मत्तेंत दर 2000 डॉलरांमागें 1 डॉलरही नव्हती.

संस्था काय घेते हें आम्ही पाहतों, किती घेते हें पाहावयाचें विसरतों. विद्यार्थ्यांनीं येथें त्रैराशिक मांडावें. ज्या घराची शिल्लक 4 लक्ष रुपये, त्यानें त्या फंडाचा कित्ता गिरवावयाचा तर 200 रुपयेही लावूं नयेत! मुलाच्या कॉलेजाची ठेव मोडून किंवा आईचे दागिने गहाण ठेवून ह्या बाजारांत उतरणें म्हणजे दुसऱ्याच्या अंथरुणाकडे पाहून आपले पाय पसरणें होय.