नोंद नीट, तरच प्रबंध खुला

गेल्या महिन्यात एम.ए.च्या एका विद्यार्थिनीसोबत ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे ऑनलाइन भांडार उघडून बसलो होतो. तिला वऱ्हाडी लोकगीतांवरचे प्रबंध हवे होते. देवनागरीत शब्द टाइप केले, हवे ते आले नाही. मग रोमन लिपीत शोध सुरू झाला. ‘वऱ्हाड’ कधी व्ही घालून, कधी डब्ल्यू घालून. ‘गीत’ कधी दोन ई घालून, कधी एका आयवर भागवून. पाचव्या खेपेला एक प्रबंध हाती लागला. पानावरचा मजकूर स्वच्छ दिसत होता, पण फाईलमध्ये एकही मराठी शब्द शोधता येईना. परिच्छेद कॉपी करून पाहिला, तर रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरच्या चिन्हांची गिचमीड उमटली. प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला होता.

ग्रंथपाल मित्रहो, विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 मध्ये प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. त्यातून गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ने उभ्या केलेल्या शोधगंगेत आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. जे वाचायला पूर्वी परवानगीचे पत्र घेऊन परगावी जावे लागे, ते घरबसल्या उघडतात. हे काम फार मोठे आहे आणि ते आपल्यापैकी अनेकांच्या हातून झाले आहे. पण फाईल चढवली की आपले काम संपले, ही समजूत आता सोडायला हवी.

इंटरनेटवर मोफत वाचता येणाऱ्या, म्हणजेच खुल्या, लेखनाला जास्त उद्धरणे मिळतात का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. 2001 मध्ये स्टीव्ह लॉरेन्स यांनी संगणकशास्त्रातील लेखांबाबत ‘होय’ म्हटले. 2008 मध्ये फिलिप डेव्हिस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात डाउनलोड वाढले, उद्धरणे मात्र पहिल्या वर्षात वाढली नाहीत. आमच्या मते मराठी प्रबंधांचा प्रश्न याच्याही आधीचा आहे. जो सापडतच नाही, त्याचे उद्धरण कोण देणार?

संशोधन नियतकालिकांच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेसाठी केंद्राने तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपये मंजूर केले. नियतकालिके वाचण्यासाठीचा हा खर्च योग्यच आहे. आपले संशोधन इतरांना सापडावे यासाठी मात्र नोंद करणाऱ्याची अर्ध्या तासाची मेहनत बहुतेकदा पुरते. शीर्षक देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत द्यावे. विषयशब्द मराठीत असावेत, गावांची व बोलींची नावे प्रचलित रूपांसह यावीत आणि मराठी सारांश युनिकोडमध्ये असावा. नवा प्रबंध स्वीकारतानाच युनिकोड फाईल मागावी. जुन्यांच्या बाबतीत निदान अनुक्रमणिका तरी नव्याने टाइप करून नोंदीला जोडता येईल.

या महिन्यात आपल्या विद्यापीठाचे दहा मराठी प्रबंध निवडा, त्यांची शीर्षके शोधगंगेत देवनागरीत टाइप करा आणि किती सापडतात ते पाहा. जे सापडणार नाहीत, त्यांच्या नोंदी विद्यापीठाच्या शोधगंगा समन्वयकाकडून दुरुस्त करून घ्या आणि आलेला अनुभव आम्हाला कळवा.