निकाल 98 टक्के, अपूर्णांक नापास

दहावीचा निकाल लागला की कोकणातल्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते: कोकण विभाग राज्यात पहिला. 2012 साली रत्नागिरीला स्वतंत्र विभागीय मंडळ झाले, तेव्हापासून हा मान कुणाला हिरावता आलेला नाही. 2024 मध्ये 99.01 टक्के, 2025 मध्ये 98.82 टक्के. कौतुक करावे तेवढे थोडेच. पण याच आकड्यावर बोट ठेवून ‘आमच्याकडे गणिताची काळजी नाही’ असे कुणी म्हणू लागले, की त्याला अडवायला हवे.

निकालाची टक्केवारी फक्त एवढेच सांगते की किती मुले उंबरठा ओलांडून गेली. गणिताच्या 100 गुणांपैकी बीजगणिताला 40, भूमितीला 40 आणि उरलेले 20 शाळेच्या हातातले. काठावर सुटलेला आणि नव्वदीत गेलेला, दोघेही त्या 98 टक्क्यांत सारखेच मोजले जातात. शिवाय गणित बिघडते ते दहावीत नव्हे. ते पाचवी ते आठवीत बिघडते आणि दहावीत फक्त निभावून नेले जाते. डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या ‘परख’ या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशभरातल्या सहावीच्या मुलांची गणिताची सरासरी 46 टक्के होती, नववीची 37. अर्धा, पाव असे साधे अपूर्णांक समजणारी, त्यांची तुलना करता येणारी सहावीतली मुले अवघी 29 टक्के. दहापर्यंतचे पाढे वापरता येणारी 53. ‘असर 2024’ हा अहवाल सांगतो की ग्रामीण भारतात आठवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत नाही. हे आकडे देशाचे आहेत, आमचे नव्हेत, असे म्हणून सुटका करून घेणाऱ्याने गावच्या शाळेतल्या सातवीच्या दहा वह्या उघडून पाहाव्यात.

(रँग्लर परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे, टिळकांचा जन्म रत्नागिरीच्या टिळक आळीतला, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे अण्णा कर्वे मुरुडात वाढलेले, हे सगळे खरे. पण 1899 साली केंब्रिजला कुणी सीनियर रँग्लर झाले म्हणून आज सातवीतल्या मुलीला छेद समान करता येत नाही. ही यादी भाषणापुरती ठेवावी.)

दुसरे मत कडक माणसांचे: नापास करायला लागा, सगळे सरळ होईल. सरकारलाही ते पटलेले दिसते. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीचा आधार घेऊन महाराष्ट्राने डिसेंबर 2023 मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, त्यात नापास झाल्यास फेरपरीक्षा, तीही हुकली तर मूल त्याच वर्गात. सरसकट पुढे ढकलण्याने मुलांचे कच्चेपण झाकले गेले, हा त्यांचा आक्षेप मला मान्य आहे. पण ज्याला तिसरीतली वजाबाकी येत नाही, त्याला पाचवीत दुसऱ्यांदा बसवून पाचवीचेच पुस्तक पुन्हा वाचून दाखवल्याने काय साधणार? अडले आहे तिसरीत आणि औषध पाचवीचे. परीक्षा रोग दाखवते, बरा करत नाही.

तिसरे मत जुन्या पिढीचे, आणि त्याचा मला सर्वांत जास्त आदर आहे: पाठांतर गेले, म्हणून गणित गेले. पूर्वी तीसपर्यंत पाढे तर होतेच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकीही होती. साडेतीनाचा पाढा तोंडपाठ असलेली मुले या किनाऱ्यावर खरोखर होती. पण त्या पाढ्यांना रोजचे काम होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पया, शेर, अदपाव, छटाक; घरातून बाहेर पडले की अपूर्णांकाशी गाठ. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, मागोमाग किलो आणि मीटर आले, आणि ते काम संपले. काम संपलेला पाढा आज नुसता घोकून घेतला तर त्यातून उरतो तो सूर. पाढे हवेतच, तीसपर्यंत हवेत. पण 3/4 आणि 4/5 यांत मोठा कोण, हे पाढा सांगत नाही.

‘कशाला छळता, ज्यांना जमत नाही त्यांना गणित सोडू द्या’ हे चौथे मत. यावर फार वेळ घालवत नाही. बाराव्या वर्षी कुणाला गणित जमणार नाही हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, एवढेच विचारतो. अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेला अभ्यास अशा लोकांनी जरूर वाचावा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब डोक्यात करत होती. तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की अडखळत होती. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचे बरोबर उलट. आमच्याकडेही आंब्याच्या हंगामात पाच डझनी पेटीतला दहावा हिस्सा डागी निघाला तर किती फळे गेली, हे बापाबरोबर बसणारा मुलगा पटकन सांगेल. त्याच्याच वहीत 60 × 1/10 रिकामे सोडलेले असेल. याला गणित जमत नाही म्हणायचे?

मग करायचे काय? पहिली गोष्ट, चूक वाचायची. सातवीच्या वहीत 1/2 + 1/3 = 2/5 हे हमखास सापडते. लाल फुली मारून बरोबर उत्तर 5/6 लिहून देणे म्हणजे तपासणे झाले, शिकवणे नव्हे. त्याऐवजी विचारायचे, 2/5 अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? मूल थांबते, पट्टी काढते, रेघेवर अर्धा आणि दोन पंचमांश मांडते. लहान आहे. अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी उरले, हे कसे? त्या मुलाने वरच्या अंकात वरचा आणि खालच्यात खालचा मिळवला, कारण त्याच्या लेखी अपूर्णांक ही एक संख्या नसून दोन वेगळ्या संख्या आहेत. 0.35 हे 0.5 पेक्षा मोठे मानणाऱ्याचाही रोग त्याच जातीचा. हे एकदा कळले की छेद समान करण्याची रीत शिकवायला वेळ लागत नाही. हे न कळता रीत शिकवली तर ती घटक चाचणीपर्यंत टिकते.

दुसरी गोष्ट, रोजचा एक तास इयत्ता विसरून. ज्याचा भागाकार कच्चा तो भागाकाराच्या गटात, मग तो पाचवीतला असो की सातवीतला. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत ‘बालसखी’ म्हणून स्थानिक तरुणी नेमून तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना असेच शिकवले, तेव्हा त्यांचे गुण वाढल्याचे बॅनर्जी-द्युफ्लो यांच्याच पाहणीत दिसले. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच लाभ ओसरला, हेही त्यांनी लपवले नाही. म्हणून हा तास मोहिमेत नको, वेळापत्रकात हवा. आमच्या वाडीवस्तीवरच्या बहुवर्ग शाळांत वेगवेगळ्या इयत्तांची मुले आधीच एका खोलीत असतात. इतर जिल्ह्यांना जे जुळवून आणावे लागेल ते इथे आयते आहे.

पण खोलीत शिक्षक तर हवा. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे ठरवण्याच्या, शासन निर्णयाने सहावी ते आठवीचा पट 20 पेक्षा कमी असेल तिथे नियमित शिक्षकाचे पदच ठेवले नाही. डोंगर आणि खाड्यांनी तोडलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात असा पट किती ठिकाणी भरतो, हे मंत्रालयात ठाऊक नसेल असे नाही. गणित-विज्ञानाचा पदवीधर शिक्षक काढून घ्यायचा आणि वर गणिताचा दर्जा सुधारण्याची परिपत्रके पाठवायची, हा विनोद बंद व्हावा.

‘अशाने पोर्शन कसा पुरा होणार?’ हा शिक्षकांचा सवाल रास्त आहे. उत्तर कडू आहे: आजही तो पुरा होत नाही, फक्त फळ्यावर होतो. अपूर्णांक नीट बसले तर गुणोत्तर, शेकडेवारी, समीकरणे यांना लागणारा वेळ कमी होतो, तिथे भरपाई होते. आणि सुरुवात करायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. आसपासच्या शाळांच्या केंद्रातली शिक्षण परिषद होतच असते. पुढच्या परिषदेत परिपत्रकांचे वाचन बाजूला ठेवून प्रत्येक शाळेने सातवीच्या तीन वह्या आणाव्यात, चांगल्या नव्हेत, चुकलेल्या, आणि त्या टेबलावर उघड्या ठेवून बोलावे.