आडवी बाटली आणि आपल्या घरातली मतं

10 जून 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचे कर वाढवले. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट झाले. देशी दारूवरचे शुल्क प्रति प्रूफ लिटर 180 रुपयांवरून 205 रुपयांवर गेले. त्याच बैठकीत धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकारालाही मान्यता मिळाली. या सगळ्यातून तिजोरीत वर्षाला सुमारे 14,000 कोटी रुपये जादा येतील, असा सरकारचा अंदाज होता.

दारू महागली म्हणजे पिणारे कमी होतील, हा समज भाबडा आहे. विदेशी मद्य महाग करतानाच त्याहून स्वस्त असा नवा प्रकार बाजारात आणला गेला. ज्याला सवय जडली आहे, तो बाटली सोडत नाही. आठवड्याच्या पगारातून आधी किराणा कमी होतो, मग मुलांची फी थकते. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत राबणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको. त्यातून कोल्हापूरच्या शेजारी गोवा. इकडे दर चढले की आंबोली आणि चंदगडच्या वाटेने येणाऱ्या चोरट्या दारूचा नफा वाढतो. अशा फेऱ्यांत पकडला जातो तो बहुतेक वेळा गाडी चालवणारा पोरगा. मालक मागेच राहतो.

गंमत अशी की ज्या कायद्याखाली हा धंदा चालतो, त्याचे नाव आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 असे आहे. दारूबंदीसाठी सरकारने प्रयत्न करावेत, असे राज्यघटनेचे कलम 47 सांगते. प्रत्यक्षात राज्याला हा महसूल सुटत नाही. चंद्रपूरमध्ये महिलांच्या दीर्घ लढ्यानंतर 2015 मध्ये दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये ती उठवली गेली.

मुसलमान म्हणून आपली भूमिका स्पष्ट आहे, असे आपण म्हणतो. दारू हराम आहे, विषय संपला. पण विषय संपत नाही. आपल्या मोहल्ल्यातही पिणारे आहेत आणि त्यांच्या बायका-मुलांचे हाल आपण दाराआड ठेवतो. शिवाय ‘हराम’ हा शब्द शेजारच्या गल्लीतल्या मावशीला किंवा मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला पटवून देण्यासाठी पुरेसा नाही. सूरह बकरामध्ये दारूच्या प्रश्नाला दिलेले उत्तर या दृष्टीने पुन्हा वाचावे. तिथे दारूत लोकांसाठी काही फायदा आहे हे नाकारलेले नाही. नुकसान फायद्याहून मोठे आहे, असा हिशोब तिथे मांडला आहे. 14,000 कोटींच्या आकड्यापुढे आपणही हाच हिशोब मांडायला हवा, आणि तो कोणत्याही धर्माच्या माणसाला समजतो.

हा हिशोब मांडण्याची जागा कायद्यातच आहे. राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांनी परवानाधारक दुकान बंद करण्याची मागणी केली, की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

खरी मेख पुढे आहे. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या निम्मी मते पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. समजा, यादीत 2,000 महिला आहेत. त्यातल्या 1,400 आल्या, 950 जणींनी आडवी बाटली निवडली आणि 450 जणींनी उभी. तरीही दुकान चालूच राहील, कारण 1,001 मते हवी होती. घरी बसलेल्या 600 जणींनी न बोलता उभ्या बाटलीला मत दिले.

म्हणून ही लढाई मतदानाच्या कितीतरी आधी, मतदारयादीत सुरू होते. लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणीचे नाव इथल्या यादीत राहिले, तर ते बंदीच्या विरोधात मोजले जाते. घरात आलेल्या सुनेचे नाव माहेरीच असेल, तर तिचे मत वाया जाते. पत्ता बदलण्यासाठी नमुना 8, नव्या नावासाठी नमुना 6 आणि मयताचे नाव वगळण्यासाठी नमुना 7 भरायचा असतो. हे काम कॉलेजात जाणाऱ्या कोणत्याही मुलीला किंवा मुलाला एका संध्याकाळी, स्वतःच्या घरापुरते, करता येते.

या मतदानाने चोरटी विक्री थांबत नाही. त्यासाठी पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रारी कराव्याच लागतील. एकट्या मोहल्ल्याच्या बळावर प्रभाग जिंकताही येणार नाही. बचत गटातल्या, तालीम मंडळांच्या घरातल्या, दलित वस्तीतल्या बायांना सोबत घ्यावे लागेल. शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1906 मध्ये कोल्हापुरात मुस्लिम शिक्षणाची संस्था उभी राहिली. सगळ्यांच्या भल्याचे काम सगळ्यांनी मिळून करायचे, ही या शहराची जुनी रीत आहे.

जुम्याच्या खुतब्यात दारूविरुद्ध ऐकून आपण मान डोलावतो. या आठवड्यात घरी गेल्यावर आई, बहीण आणि वहिनीचे नाव मतदारयादीत कुठे आहे, तेही पाहा.