लाईट आली!

इंग्रजीतला ‘लाइट’ म्हणजे उजेड, दिवा, हलका, फिका. हे सारे अर्थ आम्ही घेतलेच आहेत. कापड लाईट रंगाचे मागतो, शेजाऱ्याचे टोमणे ‘लाईटली’ घेतो. पण आमच्या नगर जिल्ह्याने, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरने, या शब्दाला स्त्रीलिंग तर दिलेच, शिवाय एक नवा अर्थही दिला. इथे ‘लाईट आली’ म्हणजे विहिरीवरची मोटर चालू झाली! दिव्याचा संबंध असलाच पाहिजे असे नाही.

म्हणून तर ‘लाईट रात्रीची आहे, बॅटरी घेऊन जा’ हे वाक्य इथे कुणाला चमत्कारिक वाटत नाही. लाईट असताना बॅटरी कशाला, हे साहेबाला कळायचे नाही. अकोले-संगमनेरच्या घरधनिणीला बरोबर कळते. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेकाठी ऊस वाढला, आणि आता त्या उसात बिबट्या राहतो. पंपाची वीज रात्रीची असली, की त्याच उसात मालक अंधारात दारं धरायला जातो. मोटरीचा आवाज येत असतो आणि घरी कुणाचा डोळा लागत नाही.

२०१७ साली राळेगणसिद्धीत शेतीपंपांना दिवसा वीज देणारा पथदर्शी सौरप्रकल्प हाती घेतला गेला. उन्हापासून लाईट! शब्द फिरून आपल्या मूळ अर्थाला आला म्हणायचा.

वाचकहो, तुमच्या दारी पणत्या उजळोतच. पण दारं धरणाऱ्याची लाईट दिवसा येवो, एवढे मागणे त्यांच्यापुढे जरूर मागा.