नेमके बोलावे, विचारून घ्यावे

घरात आपण पुष्कळदा अर्धेच वाक्य बोलतो आणि तरीही आपले काम अडत नाही. "अरे, ते तिकडचे जरा आण," एवढेच आई म्हणते आणि मुलगा फडताळातील नेमके पातेले घेऊन येतो. रोजच्या सहवासामुळे न उच्चारलेला शब्दही घरच्या माणसांना ऐकू येतो. परंतु अनेक माणसे मिळून जेथे एखादे कार्य करतात, त्या संस्थेत ही सवलत नसते. तेथे सांगणारा एकीकडे असतो, ऐकणारा दुसरीकडे असतो आणि कित्येकदा त्यांनी एकमेकांना पाहिलेलेही नसते. म्हणून संस्थेतील माणसांनी परस्परांशी कसे बोलावे, याचे नियम ठरविलेले असतात. हे नियम म्हणजे केवळ कोरडा उपचार, असे पुष्कळांना वाटते. मला मात्र ते तसे वाटत नाहीत. त्यांचे मोल किती असते, हे एका दुःखद घटनेवरून ध्यानात येईल.

अटलांटिक महासागरात स्पेन देशाच्या मालकीची कॅनरी बेटे आहेत. त्यांतील टेनेरीफ बेटावरील विमानतळावर २७ मार्च १९७७ रोजी दाट धुके पसरले होते. एकाच धावपट्टीवर दोन प्रचंड विमाने होती. एक नेदरलँडचे व दुसरे अमेरिकेचे. धुक्यामुळे ती एकमेकांना दिसत नव्हती आणि नियंत्रण-मनोऱ्यातील अधिकाऱ्यालाही ती दिसत नव्हती. सारी भिस्त रेडिओवरून येणाऱ्या शब्दांवर होती.

नेदरलँडच्या विमानाला उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जावयाचे, एवढेच मनोऱ्यातून सांगण्यात आले होते. उड्डाणाची परवानगी अद्याप मिळावयाची होती. परंतु त्या सूचनेत 'उड्डाण' हा शब्द आला आणि वैमानिकाने विमान हाकारले. "आम्ही आता उड्डाणावर आहोत," अशा अर्थाचे संदिग्ध शब्द त्या विमानातून मनोऱ्याकडे गेले. विमान उड्डाणासाठी सज्ज होऊन उभे आहे, असा त्यांचा अर्थ मनोऱ्यातील अधिकाऱ्याने घेतला. "ठीक," असे म्हणून, थांबा, मी कळवीन, असे त्याने सांगितले. त्याच क्षणी, आपण अजून धावपट्टीवरच आहोत, असे अमेरिकन वैमानिकही सांगू लागला. दोन्ही संदेश एकमेकांत मिसळले आणि नेदरलँडच्या विमानात 'ठीक' एवढाच शब्द स्पष्ट ऐकू गेला. पुढे नुसता कर्कश आवाज! काही क्षणांतच दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसे प्राणास मुकली.

या अपघाताला धुके, घाई अशी इतरही कारणे होती. तथापि एका संदिग्ध वाक्याने आणि एका मोघम होकाराने केवढा अनर्थ ओढवू शकतो, हे जगाला त्या दिवशी कळले. पुढे विमानवाहतुकीत बोलण्याचे नियम अधिक कडक झाले. उड्डाणासाठी असलेला इंग्रजी शब्द आता प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावयाचा. इतर वेळी 'प्रस्थान' अशा अर्थाचा निराळा शब्द वापरावयाचा. नुसते 'ठीक' म्हणून भागत नाही. मिळालेली महत्त्वाची सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते. 'फाइव्ह' आणि 'नाइन' हे शब्द ऐकताना घोटाळा होऊ नये, म्हणून रेडिओवर नऊ या अंकाला 'नाइनर' म्हणतात.

या घटनेत आणखी एक बोध आहे. विमान वेग घेत असताना नेदरलँडच्या विमानातील अभियंत्याला शंका आली होती. ते दुसरे विमान धावपट्टीवरून दूर झाले नाही काय, असे त्याने विचारलेही. परंतु मुख्य वैमानिक हा अत्यंत ज्येष्ठ व नामांकित होता. तो इतर वैमानिकांना शिकवीतही असे. दूर झाले आहे, असे त्याने ठामपणे सांगताच अभियंता गप्प राहिला. ज्येष्ठांविषयीचा आदर हा सद्गुण खराच. परंतु शंका गिळून टाकणे म्हणजे आदर नव्हे. नम्रपणे, पण पुन्हा एकदा विचारणे, हे कनिष्ठाचे कर्तव्य आहे आणि न रागावता ते ऐकून घेणे, हे ज्येष्ठाचे कर्तव्य आहे. विमानातील कर्मचाऱ्यांना आज हे मुद्दाम शिकविले जाते.

कोणी म्हणेल, "आम्ही कोठे विमाने चालवितो?" परंतु शाळा हीदेखील एक संस्थाच आहे. स्नेहसंमेलनासाठी 'साठ' खुर्च्या सांगितल्या असता घाईने 'सात' असे ऐकले, तर पाहुण्यांना उभे राहावे लागते. "उद्या लवकर या," असे फळ्यावर लिहिले, तर कोणी सहाला येतो, तर कोणी नवाला. "सकाळी ७ वाजता, शाळेच्या दाराशी," असे लिहावयास कितीसे श्रम पडतात? "साठ म्हणजे सहावर शून्य ना?" असे विचारणाऱ्या मुलाला कोणी हसू नये, त्याने सर्वांचीच फजिती टाळलेली असते.

नेमके बोलणे ही विद्वत्तेची मिरवणूक नव्हे आणि पुन्हा विचारणे हा अडाणीपणा नव्हे. आपल्या शब्दावर विसंबून दुसरा माणूस पाऊल उचलणार आहे, याची ती जाणीव आहे. ही जाणीव ज्या संस्थेतील लहानथोरांच्या ठायी असते, त्या संस्थेचे कार्य निर्विघ्नपणे पार पडण्याची आशा अधिक असते.