रद्द क्रमांकाचं तिकीट बंद करण्याआधी

सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या लायब्ररीतल्या एकाच दोषाला गूगलकडून दोन सीव्हीई, म्हणजे सुरक्षा-दोषांना ओळख म्हणून दिले जाणारे क्रमांक, मिळाले. वेबपी चित्रं उलगडणाऱ्या या कोडमधली बफरची चूक अ‍ॅपल आणि टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबनं कळवली होती. ११ तारखेला क्रोमची दुरुस्ती आली. सीव्हीई-२०२३-४८६३ या नोंदीत मात्र सुरुवातीला नाव होतं ते क्रोमचंच. हाच कोड फायरफॉक्समध्ये होता, इलेक्ट्रॉनवर बांधलेल्या असंख्य डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये होता. ब्राउझर अपडेट करून ज्यांनी तिकीट बंद केलं, त्यांना दोष कसा द्यावा? नोंदीनंच त्यांना तेवढं सांगितलं होतं.

दोन आठवड्यांनी खास लायब्ररीसाठी दुसरा क्रमांक निघाला, २०२३-५१२९, तीव्रता थेट १०. काही दिवसांतच तो 'रिजेक्टेड' झाला, कारण दोष आधीचाच होता. मग जुन्या नोंदीत लिबवेबपीच्या १.३.२ आधीच्या आवृत्त्यांचा उल्लेख आला.

रिजेक्टेड दिसलं की तिकीट आपोआप बंद करणारा नियम अनेक ठिकाणी लावलेला असतो. इथे त्या नियमानं एक जिवंत दोष यादीतून उडवला असता. क्रमांक दुबार निघाला म्हणून रद्द होतो, चुकून दिला म्हणून होतो, राखून वापरलाच नाही म्हणूनही होतो. कारणाची ओळ नोंदीतच असते आणि दुबार असेल तर खरा क्रमांकही तिथेच. तो उचलून तिकिटाला जोडायचा. त्याला मिनिटही लागत नाही.

'रिझर्व्ह्ड'चंही तसंच. क्रमांक देणाऱ्या संस्था, म्हणजे सीएनए, तो आधी राखून ठेवतात आणि तपशील नंतर उघड करतात. लॉगफोरजे या जावा लायब्ररीतल्या दोषाचा क्रमांक २६ नोव्हेंबर २०२१ला राखला गेला, नोंद १० डिसेंबरला उघडली. तोवर कोरं पान. कोऱ्या पानावरून धोका नाही असा निष्कर्ष काढणारे अहवाल अजूनही लिहिले जातात, हे नवल.

उलट बाजूही आहे. कर्ल या डेटा हस्तांतराच्या साधनातली एक जुनी, किरकोळ चूक २०२३ मध्ये सीव्हीई-२०२०-१९९०९ म्हणून झळकली आणि अमेरिकेच्या एनव्हीडी या दोष-नोंद संग्रहानं तिला ९.८ गुण दिले. कर्लचे जनक डॅनियल स्टेनबर्ग यांनी आक्षेप घेतल्यावर गुण ३.३ वर आले. क्रमांक रद्द झाला नाही, फक्त 'डिस्प्युटेड' शिक्का बसला. जानेवारी २०२४ मध्ये कर्ल प्रकल्प स्वतःच सीएनए झाला, पुढच्याच महिन्यात लिनक्स कर्नलही. कोड ज्यांचा, क्रमांकही त्यांच्याच हाती, हे आम्हाला योग्य वाटतं. मात्र आपल्याच दोषाला दोष न म्हणण्याची सोयही त्यातून मिळते, त्यावर नजर हवी.

भारतात बनलेल्या उत्पादनात दोष सापडला आणि कंपनी सीएनए नसेल, तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेकडे जा; त्यांनाही क्रमांक देण्याचा अधिकार आहे. कळवताना बाधित घटक नेमका लिहा: ज्या अ‍ॅपमध्ये सापडला ते अ‍ॅप, आणि चूक आतल्या लायब्ररीत असेल तर तिचं नाव व आवृत्तीही.