दिवा खाली, नजर वर

शुक्रवार, रात्रीचे दहा. ऑफिसातून बाहेर पडताना सहज मान वर करून बघा. काय दिसतं? एखादं विमान, फार तर चंद्र आणि बाकी सगळा पांढुरका उजेड. आपली आकाशगंगा आता फक्त मोबाइलच्या वॉलपेपरवर उरलीय!

म्हणून म्हणते, एक वीकेंड गोव्याऐवजी पेंचला द्या. नागपूर जिल्ह्यातल्या या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला. भारतातला पहिला, आशियातला पाचवा! हा दर्जा देते डार्कस्काय इंटरनॅशनल ही संस्था.

तुम्ही म्हणाल, जंगलात अंधार असतोच, त्यात काय विशेष? बॉस, गंमत तिथंच आहे. मनोरा बांधता येतो, दुर्बीण विकत आणता येते. अंधार मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. तो राखावा लागतो. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले 100 हून जास्त सार्वजनिक दिवे बदलले. नव्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे. रस्ता दिसतो, साप-विंचू दिसतो आणि वरचं आकाशही शाबूत राहतं. वाघाच्या शेजारी राहणाऱ्यांना 'दिवे घालवा' असं कोण कुठल्या तोंडानं सांगणार? ती वेळच आली नाही. उजेड तेवढा वळवला.

जाणार असाल तर पावसाळा सोडून अमावास्येच्या आसपासचे दिवस पकडा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात. मध्येच मेसेज बघितलात की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. आणि गप्प बसा. थोड्या वेळानं तारे मोजायचा नाद आपोआप सुटतो.

परत आलात की एक काम करा. सोसायटीच्या गच्चीवरचा तो रात्रभर आभाळाकडे तोंड करून जळणारा हॅलोजन आठवतोय? सेक्रेटरीकाकांना विचारा, 'काका, हा नक्की कुणासाठी?' काका चिडतील, मीटिंगमध्ये विषय निघेल, कुणीतरी चोरांचं नाव काढेल. तेव्हा सांगा, दिवा बंद करायचा नाहीये, फक्त खाली वळवायचाय.

वाघाशेजारच्या चार गावांना जमलं ते आपल्या एका गच्चीला जमू नये?